एकाच फिल्मला दोन गॅप कसे? कथिलाच्या जंक्शनवर दिसलेल्या दुसऱ्या पायरीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी कुडाळची, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बाहेर असते आणि सध्या गणपतीला गावी आली आहे. तिने कथिलाच्या एकावर एक तीन पातळ फिल्म घेतल्या, दोन फिल्मच्या मध्ये ऑक्साइडचा बारीक थर. अशा सांध्याला टनेल जंक्शन म्हणतात. खालच्या दोन फिल्ममधून प्रवाह सोडून मधल्या फिल्ममध्ये क्वासिपार्टिकल (जोडी तुटून सुटे झालेले इलेक्ट्रॉन) भरले आणि वरच्या जंक्शनने मधल्या फिल्मचा गॅप मोजला. तापमान १.८ केल्विन. प्रवाह कमी होता तेव्हा व्होल्टेज-प्रवाहाच्या आलेखात एकच चढ होता, साधारण १.१५ मिलिव्होल्टला. प्रवाह वाढवल्यावर तो चढ फुटून दोन पायऱ्या झाल्या, एक १.१० ला आणि दुसरी ०.९५ ला. तिचे म्हणणे असे: "एक धातू, एक फिल्म, एक तापमान, मग गॅप दोन कसे? मार्गदर्शक म्हणतात फिल्म तापली असेल. नुसती तापली नाही हे ओळखायचं कसं?"

प्रश्न जुना आहे आणि फार चांगला आहे. माझी उमेदीची वर्षं हेलियमच्या भांड्याशेजारी अशाच जंक्शनांवर गेली. आता गुहागरला असतो. उत्तर लांबेल, कारण "असमतोलामुळे" एवढं एका वाक्यात सांगितलं तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

आधी मुळाशी जाऊ. अतिवाहकात, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर ज्याचा विद्युत प्रतिरोध नाहीसा होतो अशा धातूत, इलेक्ट्रॉन जोडीने राहतात, आणि जोडी फोडायला किमान ठरावीक ऊर्जा लागते. प्रत्येक सुट्या इलेक्ट्रॉनमागे येणारी ही किमान ऊर्जा म्हणजे गॅप. गॅपला डेल्टा म्हणतात, आणि जोडी फोडायला दोन डेल्टा लागतात, कारण फुटलेल्या जोडीतून दोन सुटे निघतात. कथिलात दोन डेल्टा म्हणजे सुमारे १.१५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. शिशात तो २.७ च्या आसपास आहे, ॲल्युमिनियममध्ये जेमतेम ०.३५. या सुट्यांना आपण क्वासिपार्टिकल म्हणतो. पुढे मी त्यांना नुसतं "सुटे" म्हणेन, प्रयोगशाळेतही आम्ही तसंच म्हणायचो.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गॅप हा लोखंडाच्या घनतेसारखा धातूच्या अंगचा कायमचा आकडा नाही. तो जोड्यांनी मिळून धरून ठेवलेला असतो. सुटा इलेक्ट्रॉन एखादी जागा अडवून बसला की ती जागा जोड्यांना वापरता येत नाही. सुटे वाढले की गॅप खाली येतो, आणि गॅप खाली आला की नवे सुटे बनवणं स्वस्त होतं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धांतात हे आधीच आहे. समतोलात सुट्यांची संख्या तापमान ठरवतं, म्हणून गॅप तापमानाबरोबर घसरताना दिसतो. पण सुटे तापमानाने आले की तुम्ही बाहेरून घातले, हे गॅप विचारत नाही. ते किती आहेत आणि कोणत्या ऊर्जेवर बसले आहेत, एवढंच तो पाहतो.

बाहेरून घालायचे मार्ग बरेच आहेत. लेझरचा प्रकाश टाका: तांबड्या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात, म्हणजे कथिलात एक फोटॉन हजारावर सुटे तयार करू शकतो. १९७१ साली टेस्टार्डी यांनी शिशाच्या फिल्मवर लेझर टाकून अतिवाहकता मोडून दाखवली, आणि नुसत्या तापण्याने तिचा पूर्ण हिशेब लागत नाही असं म्हटलं, तिथून या विषयाला जोर आला. दुसरा मार्ग तुमचा, टनेल जंक्शनमधून सुटे आत ढकलण्याचा. तो मला जास्त भरवशाचा वाटतो. किती सुटे घातले हे अँपिअरमध्ये मोजता येतं आणि त्यांची ऊर्जा व्होल्टेजने ठरवता येते. लेझरच्या ठिपक्याची कड धूसर असते, तिथला हिशेब नेहमी थोडा संशयास्पद राहतो.

सुटे पुन्हा जोडीने बसतात तेव्हा ऊर्जा फोनॉनच्या, म्हणजे धातूच्या अणूंच्या कंपनाच्या कणांच्या, रूपात बाहेर पडते. तो फोनॉन फिल्मबाहेर निघून जायच्या आत दुसरी जोडी फोडू शकतो. मग ती जोडी, तिचा फोनॉन, आणखी एक जोडी. रॉथवार्फ आणि टेलर यांनी १९६७ मध्ये हे दोन साध्या समीकरणांत मांडलं, एक सुट्यांसाठी आणि एक फोनॉनसाठी. त्यामुळे सुट्यांचं मोजलेलं आयुष्य मूळ आयुष्यापेक्षा बरंच लांब दिसतं, आणि फिल्म जाड असेल किंवा ती ज्या काचेवर बसवलेली असते तिच्याशी तिचा फोनॉनचा सांधा वाईट असेल तर आणखी लांबतं. धातूधातूंतला फरकही मोठा आहे. कॅप्लान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दिलेला या आयुष्याचा पायाभूत काळ ॲल्युमिनियमसाठी ४३८ नॅनोसेकंद, कथिलासाठी २.३, शिशासाठी ०.२ च्या जवळ. म्हणून ॲल्युमिनियममध्ये सुट्यांची गर्दी जमवणं सोपं आणि शिशात अवघड. तुमचं कथिल मधलं.

आता मुख्य मुद्दा. घातलेले सुटे ऊर्जेवर कसे पसरतात, याची दोन चित्रं आहेत, आणि तुमच्या मार्गदर्शकांचा नि तुमचा मतभेद खरं तर या दोन चित्रांतलाच आहे.

पहिलं चित्र ओवेन आणि स्कालापिनो यांचं, १९७२ चं. सुटे फोनॉन टाकत टाकत झटपट खाली येतात आणि गॅपच्या काठाशी गोळा होतात, पण पुन्हा जोडी बनायला वेळ लागतो, म्हणून तिथे तुंबतात. म्हणजे तापमान भांड्याचंच, फक्त सुट्यांची संख्या जास्त. ती जास्तीची संख्या दाखवायला सुट्यांना वेगळं रासायनिक विभव दिलं (म्हणजे एक जास्तीचा कण घालायला लागणारी ऊर्जा), म्यू-स्टार. दुसरं चित्र पार्कर यांचं, १९७५ चं. त्यांच्या मते सुटे आणि गॅपहून मोठे फोनॉन मिळून एकत्र गरम होतात, त्यांचं वेगळं तापमान मानायचं, टी-स्टार. त्या चित्रात गॅप गुळगुळीत खाली येतो, कुठेही उडी नाही.

म्यू-स्टारच्या चित्रात मात्र विचित्र गोष्ट घडते. शून्य तापमानाला तिचा हिशेब कागदावर करता येतो. मी तो प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून हाताने करून घेत असे, तुम्हीही करा. ग म्हणजे गॅप, मूळ गॅपच्या पटीत. स म्हणजे सुट्यांची घनता, मूळ गॅप आणि फर्मी पातळीजवळच्या (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेजवळच्या) एका स्पिनच्या अवस्थांची घनता यांच्या गुणाकाराच्या चौपटीत मोजलेली. गॅपचं समीकरण सोडवलं की उरतं ते इतकंच:

स = ½ × √ग × (१ − ग)

ग ला १ पासून खाली आणा. ग ०.९ असताना स ०.०४७ येतो, ०.८ ला ०.०८९, ०.७ ला ०.१२५. गॅप मूळच्या एक तृतीयांश झाला की स ०.१९२ वर पोचतो, आणि त्यानंतर गॅप आणखी खाली आणला तर स वाढत नाही, उलट कमी होतो. याचा अर्थ दोन गोष्टी. सुटे ०.१९२ च्या वर गेले तर या समीकरणाला गॅप असलेलं उत्तरच नाही, म्हणजे गॅप हळूहळू शून्य होत नाही, त्याच्या आधीच कुठेतरी उडी आहे. आणि स तेवढाच, ०.१२५, ठेवला तरी गॅपला दोन उत्तरं आहेत, ०.७ आणि जवळजवळ ०.०७. यातलं खालचं उत्तर टिकाऊ नाही, पण एका घनतेला एकापेक्षा जास्त गॅप हा विचार इथे पहिल्यांदा दारात येतो.

खरी मेख पुढे आहे. त्याच हिशेबात म्यू-स्टारही निघतं:

म = ½ × √ग × (१ + ग)

ग ०.९ ला म ०.९०, ०.८ ला ०.८०, ०.७ ला ०.७१. वरच्या आकड्यांशेजारी हे ठेवून बघा: सुटे वाढत आहेत आणि त्यांचं रासायनिक विभव घटतंय. साध्या वायूत उलटं असतं, जिथे गर्दी जास्त तिथे विभव जास्त, म्हणून गर्दीकडून विरळ जागेकडे कण वाहतात आणि सगळं सारखं होतं. इथे कण विभवाच्या उताराने वाहतात ते विरळ जागेकडून गर्दीकडे. विसरणाचा, म्हणजे कण पसरण्याचा, गुणांक ऋण झाल्यासारखंच. चँग आणि स्कालापिनो यांनी १९७४ च्या सुमारास हेच दाखवलं: सर्वत्र सारखा गॅप असलेली अवस्था उडी येण्याआधीच अस्थिर होते, आणि फिल्म कमी-जास्त गॅपच्या भागांत फुटते.

हे मनात बसायला तुम्ही आत्ता जिथे आहात तिथलंच उदाहरण घ्या. गणपतीत पाऊस असतोच, म्हणून अंगणात मांडवावर ताडपत्री ताणतात. रिमझिम असली तर पाणी पसरून वाहून जातं. सर जोराची आली की कुठेतरी थोडा सैल भाग खाली दबतो. दबला की आजूबाजूचं पाणी तिकडे येतं, आलं की तो आणखी दबतो, आणि थोड्याच वेळात एका जागी पोट सुटलेलं असतं. मग घरातलं कुणी तरी बांबूने ते वर ढोसून पाणी उतरवतं. ताडपत्री सगळीकडे एकच आहे, पाऊसही सगळीकडे सारखाच पडतोय, तरी पाणी सारखं राहत नाही. पाण्याने खळगा केला आणि खळग्याने पाणी ओढलं. सुटे म्हणजे पाणी, गॅप म्हणजे ताडपत्रीची उंची. सुट्याची किमान ऊर्जा गॅपइतकी असते, म्हणून कमी गॅपच्या भागात शिरणं त्याला उतारावर जाण्यासारखं आहे, आणि तिथे पोचून तो तो गॅप अजून खाली नेतो.

ताडपत्रीला रोखणारा ताण असतो, तसे फिल्ममध्येही रोखणारे घटक आहेत. जिथे सुटे दाट तिथे ते भेटून जोडीने बसण्याचा वेग घनतेच्या वर्गाने वाढतो, म्हणजे खळगा आपोआप उपसला जातो. तापमान जास्त असेल तर उष्णतेने आलेले सुटे सगळीकडे असतात, साधं विसरण जिंकतं आणि अस्थिरता मावळते. आणि गॅप सुसंगती-लांबीपेक्षा (साधारण एका जोडीच्या पसाऱ्यापेक्षा) कमी अंतरात बदलू शकत नाही, म्हणून फार बारीक खळगे बनत नाहीत. या सगळ्यांतून एक उंबरठा ठरतो: भरण्याचा दर त्याखाली असला तर गॅप एकसारखा, वर गेला तर फिल्म फुटते. अर्धवाहकांत याची भावंडं आहेत. थंड जर्मेनियममध्ये प्रकाशाने तयार केलेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) सारखे पसरून न राहता थेंबांत गोळा होतात, हा विचार केल्डिश यांनी १९६८ मध्ये मांडला होता.

प्रयोगांचा इतिहास थोडक्यात सांगतो. लेझरच्या सुरुवातीच्या प्रयोगांत ओवेन-स्कालापिनोंची स्वच्छ उडी कुणालाच दिसली नाही. प्रतिरोध हळूहळू वाढत गेला, जणू फिल्मचे काही भाग आधी गेले आणि काही नंतर. तेव्हा बऱ्याच जणांनी म्यू-स्टारचं चित्र चुकलं असं मानलं. पण फिल्म तुकड्यांत फुटत असेल तर सरासरी प्रतिरोध असाच सावकाश चढेल. तुकडे आहेत का हे पाहायला गॅप थेट वाचणारं जंक्शनच हवं. १९७७ मध्ये बेल लॅब्समधले डाइन्स, नारायणमूर्ती आणि गार्नो यांनी जोरात सुटे भरलेल्या फिल्मवर एकापेक्षा जास्त गॅपच्या खुणा नोंदवल्या, आणि त्यानंतर काही वर्षं इगुची, लँगनबर्ग, ग्रे अशा मंडळींनी तुमच्यासारख्याच एकावर एक जंक्शनांवर हा विषय लावून धरला. म्हणजे तुमची दुसरी पायरी चांगल्या घराण्यातली असू शकते. असू शकते, एवढंच म्हणतोय.

आता तापण्याचा प्रश्न. तुमचे आकडे घेऊ. आलेखातला चढ जंक्शनच्या दोन बाजूंच्या गॅपच्या बेरजेला येतो. वरच्या फिल्मचा गॅप बदललेला नाही असं धरलं तर तो ०.५८. मग १.१० च्या पायरीतून मधल्या फिल्मचा गॅप ०.५२ निघतो, आणि ०.९५ च्या पायरीतून ०.३७. मूळच्या पटीत ०.९ आणि ०.६४. समजा हे नुसतं तापणं आहे. समतोलात गॅप ०.६४ पट होण्यासाठी कथिल ३.१ केल्विनच्या पुढे जायला हवं, कारण त्याचं संक्रमण ३.७ केल्विनला आहे. तुमचं हेलियम १.८ ला, म्हणजे अतिप्रवाही, उष्णता चटकन वाहून नेणारं, आणि फिल्मचा एक भाग त्याच्याहून १.३ केल्विनने गरम, तर शेजारचा भाग बऱ्यापैकी थंड. एवढा फरक दोन भागांत टिकायला काहीतरी कारण लागेल. अशक्य नाही. १९७४ मध्ये स्कोकपोल, बीस्ली आणि टिंकहॅम यांनी बारीक पुलांमध्ये तापलेला ठिपका आपल्याच उष्णतेने कसा टिकतो हे सविस्तर मांडलं. पण तिथे ठिपका पूर्ण नॉर्मल होतो, म्हणजे अतिवाहकता गमावतो, प्रतिरोध येतो म्हणून उष्णता निर्माण होते आणि तिच्यावर तो जगतो. तुमच्या दुसऱ्या भागात गॅप अजून ०.३७ आहे, तो अतिवाहक आहे. त्याला स्वतःची भट्टी नाही. तुमच्या बाजूचा हा पहिला चांगला पुरावा.

दुसरा पुरावा तुमच्या आलेखातच असायला हवा, आणि तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही. दोन बाजूंचे गॅप वेगळे असले की आलेखात बेरजेला चढ येतो, तसा वजाबाकीला एक छोटा उंचवटा येतो. ०.५८ मधून ०.३७ गेले, ०.२१ मिलिव्होल्टला काही दिसतं का? ०.५२ वाल्या भागाचा उंचवटा ०.०६ ला येईल, तो जोसेफसन प्रवाहाच्या (व्होल्टेज शून्य असतानाही जंक्शनमधून जाणाऱ्या जोड्यांच्या प्रवाहाच्या) खुणांत हरवेल, तो दिसला नाही तरी काळजी नको. पण ०.२१ चा दिसलाच पाहिजे. उंचवट्यानंतर प्रवाह थोडा उतरतो, म्हणून प्रवाह ठरवून मोजत असाल तर तिथे उडी बसते आणि उंचवटा दिसत नाही. व्होल्टेज ठरवून मोजा. शिवाय लहान चुंबकीय क्षेत्र लावून जोसेफसन प्रवाह दाबा, पण ते क्षेत्र फिल्मच्या पातळीतच हवं. तिरपं लागलं तर फिल्ममध्ये चुंबकीय क्षेत्राचे बारीक भोवरे अडकतात, आणि भोवऱ्याच्या गाभ्यात गॅप कमी असल्यामुळे सुटे तिथेच जाऊन बसतात. म्हणजे खोटा खळगा तुम्ही स्वतःच खणलात.

तिसरी तपासणी माझ्या मते सगळ्यांत निर्णायक. भरण्याचा प्रवाह हळूहळू वाढवत दहा-बारा आलेख घ्या आणि दोन गोष्टी वेगळ्या मांडा: दोन पायऱ्यांची जागा, आणि दोन पायऱ्यांची उंची. जागा गॅप सांगते. उंची सांगते जंक्शनचा किती भाग त्या गॅपचा आहे. फिल्म खरोखर दोन अवस्थांत फुटत असेल तर प्रवाह वाढवल्यावर गॅपच्या जागा फार हलणार नाहीत, कमी गॅपच्या भागाचा हिस्सा वाढत जाईल. पाऊस वाढला की ताडपत्रीवर जास्त पोटं सुटतात, तसं. याउलट फिल्ममध्ये आधीपासूनच एखादा दुबळा पट्टा असेल तर पायऱ्यांची उंची तीच राहील, कारण पट्ट्याचं क्षेत्रफळ तेच आहे, आणि त्याचा गॅप मात्र सरकत जाईल. मी स्वतः पाहिलेल्या दोन पायऱ्यांच्या आलेखांपैकी बरेच या दुसऱ्या प्रकारचे होते. म्हणून सावध करतोय.

त्यातला एक माझाच. काचेवर फिल्म उडवताना मुखवटा काचेपासून थोडा उचललेला राहिला होता. त्यामुळे फिल्मच्या कडा धारदार न येता निमुळत्या आल्या, मध्ये जाड आणि कडेला पातळ. कडेचा गॅप वेगळा, कडेच्या ऑक्साइडची जाडी वेगळी, आणि भरलेल्या सुट्यांची घनता पातळ भागात जास्त. दोन सुंदर पायऱ्या आल्या. तीन महिने मी त्यांच्यावर काम केलं, प्रवाहाप्रमाणे उंची बदलते का हे न बघता. शेवटी कडा निरोधकाच्या थराने झाकून फक्त मधला चौकोन उघडा ठेवला, तर दुसरी पायरी नाहीशी झाली. त्या तीन महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं, विशेषतः माझ्यासोबत रात्री जागलेल्या सहकाऱ्यासाठी. तुमच्या कडा झाकलेल्या आहेत का, हे कृपया सगळ्यात आधी तपासा. नसतील तर बाकीचं वाचून थांबा आणि नवा नमुना करा.

नमुन्यांबद्दल आणखी एक. तुम्ही ते गावी बरोबर आणले आहेत असं तुमच्या पत्रातून दिसतं. श्रावण-भाद्रपदातली कोकणातली हवा पातळ फिल्मला चांगली नाही, त्यात खारा वारा. शिशाची फिल्म असती तर आतापर्यंत तिच्यावर पांढुरकी साय आली असती. कथिल तुलनेने सोशिक आहे, पण जंक्शनचा ऑक्साइड बदलतो. सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा, आणि परत गेल्यावर जंक्शनचा नॉर्मल प्रतिरोध आधीच्या नोंदीशी ताडून पाहा. तो दहा-वीस टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर जुन्या आणि नव्या आलेखांची तुलना करू नका.

वेळेचीही कसोटी आहे. प्रवाह सतत न सोडता लहान स्पंदांनी सोडा. काच आणि हेलियम यांना तापायला मायक्रोसेकंद आणि त्याहून जास्त वेळ लागतो, सुट्यांची गर्दी मात्र नॅनोसेकंदांत तयार होते. स्पंद लहान करत गेल्यावरही दुसरी पायरी टिकली तर काच तापल्याचा आक्षेप बराच ढिला पडतो. हेच काचेऐवजी नीलम वापरूनही करता येतं, नीलम उष्णता फार चांगली वाहून नेतो. हेलियम २.१७ केल्विनच्या वर आणि खाली मोजून बघण्याची पद्धतही जुनी आहे, पण मला ती फारशी आवडत नाही, कारण तापमान बदललं की अस्थिरतेचा उंबरठाही बदलतो आणि दोन परिणाम एकमेकांत मिसळतात.

मॉडेलच्या बाबतीत एक विनंती. वर दिलेलं सूत्र तुमच्या आकड्यांना बसवायला जाऊ नका. ते शून्य तापमानाचं आहे, त्यात फोनॉन नाहीत, आणि दोन भाग शेजारी असताना सुटे ज्या ऊर्जांवर खरोखर बसतात ते त्यात नाही. ते सूत्र दिशा दाखवतं: गर्दी वाढली की विभव उतरतं. दुसरा गॅप ०.३७ च का, ०.३० का नाही, हे पुनर्जोडणीचा वेग, फोनॉन निसटण्याचा वेळ आणि सुटे किती दूर वाहतात यांच्या ओढाताणीतून ठरतं. खरी वाटणी पार्कर आणि ओवेन-स्कालापिनो यांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि भरण्याचं व्होल्टेज बदललं तरी ती हलते. गॅपच्या जरा वर भरलं तर म्यू-स्टारचं चित्र जवळ येतं, खूप वर भरलं तर आधी फोनॉनचा पाऊस पडतो आणि टी-स्टारचं चित्र. तुम्ही कोणत्या व्होल्टेजला भरलं ते लिहिलं नाही. हा आकडा मला प्रवाहाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

इथे एक गैरसमज काढतो, कारण तुम्ही मॅग्नेशियम डायबोराइडचा उल्लेख केला आहे. त्याची अतिवाहकता २००१ मध्ये जाहीर झाली, ३९ केल्विनला, आणि त्यालाही दोन गॅप आहेत, साधारण २ आणि ७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचे. पण ते दोन्ही एकाच जागी, समतोलात, दोन वेगळ्या इलेक्ट्रॉन-पट्ट्यांमुळे असतात. प्रवाह बंद करा, ते तिथेच राहतील. तुमचे दोन गॅप दोन वेगळ्या जागी आहेत आणि प्रवाह बंद केला की नाहीसे होतात. नाव सारखं असलं तरी घर वेगळं. असमतोल गॅपला नेहमी खालीच नेतो असंही नाही. मायक्रोवेव्हने सुटे काठावरून वर ढकलले तर काठ मोकळा होतो आणि गॅप वाढतो, हे एलियाशबर्ग यांनी १९७० मध्ये समजावलं. तिथेही एका परिस्थितीला एकापेक्षा जास्त उत्तरं निघतात, पण तो विषय आज वाढवत नाही.

हे सगळं जुन्या काळचं आहे असं कुणी तुम्हाला म्हणालं तर तसं समजू नका. २००३ पासून दुर्बिणींसाठी जे मायक्रोवेव्ह डिटेक्टर बनत आहेत ते फोटॉनने तयार केलेले सुटेच मोजतात. एकेक फोटॉन टिपणाऱ्या अतिवाहक तारांमध्ये ठिपका वेळेत विझला नाही की तार अडकून बसते, तिथे वरचंच तापलेल्या ठिपक्याचं गणित आहे. आणि क्वांटम संगणकाच्या क्युबिटमध्ये चार-दोन जास्तीचे सुटेसुद्धा माहिती बिघडवतात. त्यावर लोक काय करतात? शेजारी मुद्दाम कमी गॅपचा धातू ठेवतात, सुटे तिकडे उतरून अडकतात, क्युबिट मोकळा राहतो. तुमच्या फिल्ममध्ये सुट्यांनी जो खळगा आपला आपण खणला असावा, तोच तिथे मुद्दाम खणून ठेवलेला असतो.

आता तुमच्याकडे सुट्टीचे जे दिवस आहेत त्यांत करता येईल असं सांगतो. लॅपटॉपवर आलेख आहेतच. प्रत्येक आलेखाचा उतार काढा, म्हणजे प्रवाहाचा व्होल्टेजशी बदल. पायऱ्या तिथे शिखरं होतील आणि त्यांच्या जागा व क्षेत्रफळं सहज वेगळी काढता येतील. एका कागदावर दोन शिखरांची जागा भरण्याच्या प्रवाहाविरुद्ध मांडा, दुसऱ्यावर दुसऱ्या शिखराचं क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या किती टक्के आहे ते. ०.२१ मिलिव्होल्टच्या आसपासचा भाग मोठा करून बघा. दुसरी पायरी कोणत्या प्रवाहाला पहिल्यांदा उमटते आणि प्रवाह उतरवताना कोणत्या प्रवाहाला जाते, हे दोन आकडे वेगळे लिहा. ते वेगळे आले तर चांगली खूण आहे, पण ती एकटी पुरेशी नाही, कारण तापलेला ठिपकाही असंच करतो.

हे दोन कागद, ०.२१ जवळचा मोठा केलेला भाग, ते दोन आकडे, भरण्याचं व्होल्टेज, तिन्ही फिल्मची जाडी आणि कडा झाकल्या होत्या की नाही, एवढं पाठवा. क्षेत्रफळाचा आलेख चढता आणि जागांचा आलेख सपाट निघाला, तर मार्गदर्शकांशी बोलायला मी स्वतः तुमच्याबरोबर बसेन.